तुम्ही विचारलंत म्हणून: बीपी वंशातच असतं का?

मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आता रविवारी सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर बीपीचं मशीन घेऊन बसते. तिथे एक प्रश्न सारखा येतो, बहुधा ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्याकडून. "मॅडम, तिकडे काळ्या लोकांचं बीपी टेन्शननं जास्त चढतं म्हणे. म्हणजे हे वंशातच असतं ना? मग आपल्या हातात काय उरलं?" बाकावर बसून दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

फरक मोजला गेलाय, ते खरं आहे. कसा मोजतात ते आधी सांगते, कारण तो प्रयोग मी वर्षानुवर्षं प्रॅक्टिकलला घेतलाय. बादलीत बर्फ टाकून पाणी ४ अंशांच्या आसपास आणायचं. मुलानं एक हात मनगटापर्यंत बुडवायचा, दुसऱ्या दंडाला पट्टा बांधलेला. सुरुवातीला सगळे हसत असतात. वीसएक सेकंदांत हसू मावळतं, दातावर दात बसतात, दुसऱ्या हाताची मूठ आपोआप वळते आणि ती सोडायला मला सांगावं लागतं, नाहीतर आकडा चुकतो. मिनिटभरात वरचं बीपी कुणाचं ८नं चढलेलं असतं, कुणाचं ३०नं. हाइन्स आणि ब्राउन यांनी ही चाचणी १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये बसवली. दुसरी चाचणी डोक्याची. १००मधून ७ वजा करत जायचं, तेही घाई करणारा माणूस समोर बसलेला असताना.

बीपी चढायला वाटा दोन. शेतात मोटरीचा जोर वाढवला तरी पाइपातला दाब वाढतो आणि नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं तरी वाढतो. शरीरात मोटर म्हणजे हृदय, आणि तोंड आवळणाऱ्या म्हणजे बारीक रक्तवाहिन्या. अमेरिकेतल्या बऱ्याच प्रयोगांत तोच ताण दिल्यावर कृष्णवर्णीयांमध्ये रक्तवाहिन्या जास्त आवळलेल्या दिसल्या. पण हे सरासरीचं बोलणं झालं. माझ्या वर्गात मालेगाव, सिन्नर, धुळ्याची मुलं एकाच बाकावर बसायची आणि त्यांच्यातच ८ आणि ३०चा फरक पडायचा. तिथे वंश कुठून आणायचा?

नॉर्मन अँडरसन हे स्वतः कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ. १९८९मध्ये त्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले आणि पुढे सहकाऱ्यांबरोबर एक मांडणी केली. वर्षानुवर्षं अंगावर असलेल्या सामाजिक ताणामुळे मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, आणि त्यातून रक्तवाहिन्या चटकन आवळायला लागतात, अशी ती मांडणी. मला ती पटते, आणि पटण्याचं मोठं कारण म्हणजे १९९७चा रिचर्ड कूपर यांच्या गटाचा अभ्यास. पश्चिम आफ्रिकी मुळाच्या लोकांमध्ये उच्च रक्तदाब किती जणांना आहे, हे त्यांनी सगळीकडे एकाच पद्धतीनं मोजलं. पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६, अमेरिकेत ३३. पूर्वज एकाच भागातले आणि आकडा दुप्पट. त्यात वजन आहे, मीठ आहे, आणि त्या देशात काळ्या कातडीनं जगणंही आहे.

नाशिककरांना हे शेवटचं समजावून सांगायची गरज पडू नये. २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षं चालला. दारात अडवलं जाणं म्हणजे काय, हे या गावातल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतलंय.

नॅन्सी क्रीगर आणि स्टीफन सिडनी यांचा १९९६चा अभ्यास मी मुलांना दरवर्षी सांगायचे. चार हजारांवर तरुण, काळे आणि गोरे. तुमच्यावर अन्याय झाला तर काय करता, आणि वंशावरून भेदभाव कुठे कुठे सोसलात, असं विचारलं होतं. कष्टकरी कृष्णवर्णीयांमध्ये जे म्हणाले, आम्ही निमूट घेतो, आणि भेदभाव तर कुठेच झाला नाही, त्यांचं वरचं बीपी सुमारे ७नं जास्त निघालं. कुणापेक्षा? ज्यांनी एकदोन ठिकाणी भेदभाव झाल्याचं सांगितलं आणि आम्ही उलट बोलतो असंही सांगितलं, त्यांच्यापेक्षा. तोंड म्हणतं काही झालं नाही, आणि पारा वेगळंच सांगतो.

घराण्याचं म्हणाल तर आईवडिलांना बीपी असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते, यात वाद नाही. पण घराणं वेगळं आणि वंश वेगळा. लोणची-पापड कमी करणं, चालणं, दिलेली गोळी न चुकवणं हे तुम्हाला ठाऊकच आहे. झोपेचं मात्र मुद्दाम सांगते, कारण सातपूर-अंबडच्या रात्रपाळीची माणसं माझ्याकडे येतात. निरोगी माणसाचं बीपी रात्री १० ते २० टक्क्यांनी उतरतं. ते उतरायला झोप लागते.

गेल्या महिन्यात जवळच्या एका सोसायटीचे वॉचमन आले. उभ्यानंच हात पुढे केला. मी म्हटलं, "दादा, आधी बसा." बसायलाही ते कचरत होते. पाय जमिनीला टेकवून, पाठ टेकवून, पाच मिनिटं न बोलता बसवलं. १५८/९६. "काही झालंय का आज?" तर म्हणाले, "काही नाही मॅडम, सवय आहे." मशीन आवरता आवरता मी परत विचारलं. मग हळूहळू निघालं. गाडी लावण्यावरून त्यांच्या मुलाच्या वयाचा एक जण सकाळी सगळ्यांसमोर अरे-तुरे करून गेला होता. दहा मिनिटं बोलले. पुन्हा पाच मिनिटं गप्प बसवलं, पट्टा बांधला. १५०/९२. वहीत दोन्ही आकडे लिहिले, शेजारी वेळ लिहिली, आणि सोमवारी सिव्हिलच्या ओपीडीत दाखवायला चिठ्ठी दिली. ते जाऊन आलेत. गोळी सुरू झालीय. आता दर रविवारी येतात आणि न सांगता खुर्चीवर बसतात.