अंडपेशीवर व्होल्टेज क्लॅम्प जुळवताना

झेनोपस बेडकाच्या अंडपेशीतून आयन वाहिनीचा (पेशीच्या पटलातील, विद्युतभारित कणांना वाट देणाऱ्या छिद्राचा) प्रवाह नोंदवायला मी पहिल्यांदा बसले, तेव्हा ॲम्प्लिफायरचा गेन (तो सिग्नल किती पट वाढवतो ते प्रमाण) वाढवत नेला की काम होते, असा माझा समज होता. प्रत्यक्षात गेन निम्म्यावर येण्याआधीच ऑसिलोस्कोपवरची रेघ थरथरू लागली आणि पाहता पाहता पेशी निकामी झाली. त्या दिवशी अशा चार पेशी गेल्या.

व्होल्टेज क्लॅम्प या पद्धतीत एक इलेक्ट्रोड (द्रावण भरलेली टोकदार काचनळी) पेशीतला विभव, म्हणजे व्होल्टेज, मोजतो, दुसरा धारा (विद्युतप्रवाह) सोडतो आणि मोजलेला विभव आपण ठरवलेल्या विभवाशी जुळेपर्यंत ॲम्प्लिफायर ती धारा कमी-अधिक करत राहतो. पेशीचा व्यास जेमतेम एक मिलिमीटर असला, तरी पटलावरच्या असंख्य सूक्ष्म घड्यांमुळे तिची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) सुमारे 200 नॅनोफॅरड भरते. मी वहीत हिशेब मांडला: 100 मिलिव्होल्टची पायरी (विभवातला एकदम बदल) 0.1 मिलिसेकंदात गाठायची तर सरासरी 200 मायक्रोॲम्पिअर धारा हवी आणि 1 मेगाओहमच्या इलेक्ट्रोडमधून ती ढकलायला 200 व्होल्ट. माझा धारेचा इलेक्ट्रोड तर 3 मेगाओहमचा होता. इतका दाब माझ्या ॲम्प्लिफायरला झेपणारच नव्हता. टोक किंचित मोडून आणि आत 3 मोलर पोटॅशियम क्लोराइड भरून मी त्याचा रोध अर्ध्या मेगाओहमवर आणला.

वेग वाढला, थरथर मात्र थांबली नाही. धारेच्या इलेक्ट्रोडवरचे मोठे व्होल्टेज हवेतूनच शेजारच्या इलेक्ट्रोडवर उतरत होते आणि ॲम्प्लिफायर स्वतःच्याच प्रतिध्वनीला उत्तर देत होता. दोन्हींच्या मधे ग्राउंड केलेला धातूचा पत्रा उभा केला, त्यांच्यातला कोन वाढवला आणि पात्रातील द्रावणाची पातळी उतरवली, तेव्हा कुठे गेन पुढे सरकू लागला.

त्यानंतर मी क्रम बदलला नाही. चांदीच्या तारांवर क्लोराइडचा ताजा थर चढवायचा, द्रावणातच दोन्ही इलेक्ट्रोडचे शून्य जुळवायचे, मग पेशीत शिरायचे. दोघांनी सारखाच विश्रांत विभव (पेशीचा स्वतःचा मूळ विभव) दाखवला, तरच क्लॅम्प सुरू करायचा. विभवाचा इलेक्ट्रोड बाहेर असताना तो सुरू केला, तर ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीने धारा ओततो आणि पेशी भाजून निघते, हे मी एकदा पाहिले आहे. पुढे 10 मिलिव्होल्टच्या छोट्या पायऱ्या देत, रेघ किंचित उसळी घेईपर्यंत गेन वाढवायचा आणि मग थोडा मागे घ्यायचा.

पहिल्या चांगल्या नोंदीत धारितेचा काटा (पायरी देताच पटल भारित करणाऱ्या क्षणिक धारेची उसळी) एका मिलिसेकंदाच्या आत बसला. प्रवाह मात्र 10 मायक्रोॲम्पिअरवर गेला आणि द्रावणातील सुमारे 500 ओहम रोधामुळे 5 मिलिव्होल्टची चूक उरली. तेव्हा द्रावणाचा विभव वेगळ्या इलेक्ट्रोडने पेशीजवळच मोजून मी ती वजा करू लागले.