पत्रादेवीच्या पलीकडची मतपेटी

बांद्याहून पत्रादेवी ओलांडली की 1961 पर्यंत पोर्तुगालचा हुकूमशहा पंतप्रधान सालाझार याचं राज्य लागायचं. गोवामुक्तीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं होतं ते सत्याग्रहींवरच्या गोळीबाराचं आणि आग्वादच्या तुरुंगाचं. पाकल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, त्या राज्यात पक्ष एकच होता आणि तो कायद्यानेच एकटा ठेवला होता, हे राहून जातं.

1930 मध्ये निघालेली ही 'उनियाँव नासियोनाल', म्हणजे 'राष्ट्रीय संघ', स्वतःला पक्ष म्हणवतच नसे. पक्ष म्हटला की दुसराही आलाच ना! 1933 मध्ये नव्या घटनेवर सार्वमत घेतलं, तेव्हा मतदानाला न आलेल्यांची मतंसुद्धा होकारात धरली. पुढच्याच वर्षी संसदेच्या 90 पैकी 90 जागा त्यांच्या. त्यासाठी पेट्या पळवाव्या लागल्या नाहीत, कारण चाळण आधीच लावलेली होती. पुरुषाला मत हवं तर लिहिता-वाचता यायला हवं, नाहीतर ठरावीक कर भरलेला हवा. बाईला त्याहून जास्त शिक्षण हवं. वर्तमानपत्राचा मजकूर छपाईआधी सेन्सॉरकडे जायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं मतदारापर्यंत जाणारच नाही. 1936 पासून सरकारी नोकरीसाठी कम्युनिझम आणि 'विध्वंसक विचार' नाकारल्याचं लेखी द्यावं लागे. मास्तर, कारकून तिथेच गप्प. उरलेल्यांसाठी राजकीय पोलीस होतेच. 1945 पासून त्यांचं नाव पीदे.

काही जण नेहरूंच्या काळातल्या काँग्रेसलाही एकपक्षीय राजवट म्हणतात. मला ते पटत नाही. 1957 चंच बघा. दिल्लीत काँग्रेसला प्रचंड बहुमत, तरी आपल्या राजापुरातून प्रजा समाजवादी पक्षाचे बॅ. नाथ पै निवडून आले. त्याच वर्षी लिस्बनच्या संसदेत 120 पैकी 120 जागा उनियाँवच्या. सतत जिंकणारा पक्ष वेगळा आणि हरूच न शकणारा वेगळा.

तरी त्या यंत्रात एक फट राहिली होती: राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडला जायचा. 1958 मध्ये जनरल उंबेर्तु देल्गादु उभे राहिले आणि निवडून आल्यास सालाझारला काढणार, असं उघड सांगून मोकळे झाले. सरकारी मोजणीतसुद्धा त्यांना जवळपास पाव मतं मिळाली. 1959 मध्ये घटनाच बदलली. त्यानंतर अध्यक्ष निवडायचं काम मर्जीतल्या निर्वाचक मंडळाकडे गेलं.