चौथ्या लॅपचे हात

माझी तेरा वर्षांची मुलगी २०० मीटर फ्रीस्टाइल पोहते आणि गेल्या हंगामापासून मी स्टॉपवॉच लावण्याबरोबरच तिचे हात, म्हणजे पाण्यात मारलेले हाताचे फटकेही, मोजू लागलो आहे. पहिले ५० मीटर ती ४२ हातांत पार करत असे. शेवटच्या ५० मीटरला मात्र ५१ हात लागत. काठावरून नीट पाहिले की कारण दिसे: सुरुवातीला पाण्याखाली कोपर उंच राहून तळहातापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग पाणी मागे रेटत असे, तर चौथ्या लॅपला कोपर आधी खाली पडे आणि हात पाणी न धरताच निसटून येई.

ही उणीव ताकदीची की दमाची, असे मी तिच्या सरांना विचारले. ते म्हणाले, “पहिल्या पन्नासला कोपर टिकतं, म्हणजे ताकद आहे. ती अडीच मिनिटं पुरत नाही, तो दम.”

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे थोडा जास्त वेग मिळवायलाही मोठी किंमत मोजावी लागते. ५० मीटरला ही किंमत मुख्यतः स्नायूंतल्या ऊर्जेच्या साठ्यातून भागते. २०० मीटरला निम्म्याहून अधिक ऊर्जा प्राणवायूच्या आधारे तयार व्हावी लागते. खजान सिंग यांचे १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेतील रौप्यपदक २०० मीटर बटरफ्लायचे होते, तर आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे २०१० मधील ग्वांगझूचे कांस्यपदक ५० मीटर बटरफ्लायचे. प्रकार एकच, पण शरीराकडून होणारी मागणी किती निराळी!

मुलांनी ताकदीचा व्यायाम केला तर उंची खुंटते, ही भीती आजही अनेक पालकांच्या मनात आहे. योग्य देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने तसे होत नाही. वयात येण्यापूर्वी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगल्या प्रकारे कामाला लावू लागते म्हणून. मला खरी काळजी वाटते ती खांद्यांची. तीन किलोमीटरच्या सरावात माझ्या मोजणीने सुमारे २७०० हात होतात. एका उन्हाळी शिबिरात लहान मुलांना रोज मोठे पॅडल (तळहातावर बांधायच्या कडक पट्ट्या) घालून पोहायला लावले गेले आणि माझी मुलगी खांदा धरून घरी आली, याचा मला आजही राग येतो.

आता सर तिला १०० मीटरचे आठ सेट देतात, मध्ये पंधरा सेकंदांची विश्रांती, आणि हातांचा आकडा वाढला की सेट तिथेच थांबवतात. आठवड्यातून तीन दिवस रबर बँड आणि पुलअप्स असतात. शनिवारच्या चाचणीत चौथ्या लॅपला ४७ हात झाले. शेवटच्या टर्ननंतर मात्र ती भिंत जेमतेम ढकलते आणि लगेच वर येते. पुढच्या महिन्यात पायांवर काम करायचे ठरले आहे.