रेवदंड्याहून लिस्बनला, आम्ही दोघी

लिस्बनला जायचं ठरलं तेव्हा घरात आणि आळीत सगळ्यांनी एकच विचारलं, "कोणाबरोबर?" म्हणजे कोणत्या टूरबरोबर. मी आणि वन्सं, दोघीच जातोय म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, "मग तिथे दाखवणार कोण?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं, म्हणून हे लिहायला बसले.

टूरवाल्यांवर माझा राग नाही. माझ्या आईने साठीनंतर काशी पाहिली ती टूरबरोबरच, आणि तिला ती सुखरूप घडली. पण युरोपच्या टूरमध्ये लिस्बन असलंच तर स्पेनच्या शेपटाला जोडलेलं असतं: दुपारी उतरा, बसमधून बेलें हा नदीकाठचा भाग बघा, रात्री हॉटेल, सकाळी पुढे. आम्हाला लिस्बन असं बघायचं नाही.

माझ्या मते गाइड दोन कामं करतो. वाट दाखवतो आणि गोष्ट सांगतो. वाटेचं काम आता फोन करतो. गोष्ट मात्र आपल्याला आधी वाचून न्यावी लागते. म्हणून शहर निवडतानाच असं निवडावं, की ज्याची गोष्ट आपल्या घराला कुठेतरी येऊन टेकते. मग वाचनाचा कंटाळा येत नाही आणि काय बघायचं हे दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही. कोकणात अशी घरं खूप आहेत. ज्यांचे आजोबा बोटीवर खलाशी होते त्यांनी लिव्हरपूल किंवा ग्लासगोचा विचार करावा. आमच्यासाठी ते शहर लिस्बन आहे.

आमची वाडी रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटाला लागून आहे. माडांच्या मधून सातखणीचा मनोरा दिसतो. १५०८ साली या चौलच्या समुद्रात इजिप्तचे मामलुक राज्यकर्ते आणि गुजरातचा सुलतान यांचं आरमार पोर्तुगिजांवर चालून आलं आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा इथे मारला गेला. १५२१ला पोर्तुगिजांनी किल्ला बांधायला घेतला. १७४०मध्ये तो मराठ्यांना मिळाला. मधली दोनशेहून अधिक वर्षं ही माणसं इथे राहिली, इथे व्यापार केला, इथेच मेली. खाडीपलीकडे कोर्लईतली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीजातून घडलेली बोली बोलतात. आमच्या वन्सं किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चमध्ये लपाछपी खेळत मोठ्या झाल्या. पण ही माणसं आली त्या गावाचं पुढे काय झालं, हे त्यांना शाळेतही कोणी सांगितलं नव्हतं.

ते कळलं आणि आमचा बेत पक्का झाला. १ नोव्हेंबर १७५५, ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण. सकाळी लिस्बनची माणसं चर्चमध्ये होती, मेणबत्त्या तेवत होत्या. भूकंप झाला. मागोमाग समुद्र शहरात शिरला, आणि उरलं ते आगीने खाल्लं. चौल त्यांच्या हातून जाऊन तेव्हा पंधरा वर्षंच झाली होती. नदीकाठी 'कासा दा इंदिया' होतं, म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी. ती गेली आणि तिच्यातले ढीगभर कागदही गेले. त्यात चौलचे हिशेब किती असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शहराच्या मध्यावर कार्मोचा मठ आहे. भूकंपात त्याच्या चर्चचं छप्पर कोसळलं, ते पुन्हा पूर्ण घातलंच नाही. कमानी उघड्या आकाशाखाली तशाच उभ्या आहेत. त्याचा फोटो मी वन्संना दाखवला. त्यांनी चष्मा काढून, फोन डोळ्यांजवळ धरून तो पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या किल्ल्यातलं." त्याच रात्री त्यांनी पासपोर्टचा फॉर्म भरायला मला बसवलं.

आता कामाचं.

कधी जायचं हे कोकणातल्या माणसाला गणपतीला विचारूनच ठरवावं लागतं. गणपती झाल्याशिवाय घर सुटत नाही. त्यातही लिस्बनचं हवामान आमच्या बाजूने निघालं. तिथला पाऊस हिवाळ्यातला आणि उन्हाळा कोरडा, आपल्या उलट. सप्टेंबरअखेर ऊन असतं, पण ऑगस्टचा ताप आणि गर्दी ओसरलेली असते. विसर्जन झालं की निघायचं, असं ठरलं. पितृपक्षात परदेशी कशाला, असं दोन-तीन घरांतून आलं. त्यावर वन्संनी एवढंच सांगितलं की अप्पांची तिथी भाऊ करणार आहे, आणि अप्पांनीच त्यांना लहानपणी खांद्यावर बसवून तो मनोरा दाखवला होता. मग कोणी काही बोललं नाही.

व्हिसाची धास्ती लोकांना फार असते. मी बँकेत आयुष्य काढलं, कागदांची मला भीती नाही, पण ज्यांना आहे त्यांच्यासाठी सांगते. पोर्तुगाल शेंगेनमध्ये येतं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. फी ९० युरो, नकार आला तर परत मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने चालणारा हवा, त्यात दोन कोरी पानं हवीत. पेन्शनीचा तपशील, बँकेची स्टेटमेंट, आयकराचे कागद, राहण्याचं बुकिंग, आणि रोज कुठे असणार याचा साधा आराखडा. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नये. तोवर रद्द करता येईल असंच बुकिंग ठेवावं, मग ते थोडं महाग पडलं तरी चालेल.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावंच लागतं. रेवदंड्याच्या माणसासाठी याचा अर्थ असा, की तारीख मे महिन्यातली घ्यावी, मांडव्याच्या लाँचा पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या आत. नंतर एक तर रो-रोचा, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीचा, भरवसा धरावा, नाही तर वडखळच्या रस्त्याने सकाळ घालवावी. आम्ही पहाटेची एसटी धरून मांडव्याला गेलो, गेटवेला उतरलो आणि दुपारी वाडीत परतही आलो. एकदा दिलेले ठसे पुढे जवळजवळ पाच वर्षं चालतात. वन्संना त्यामुळे आतापासूनच पुढचे बेत सुचायला लागले आहेत.

राहायचं कुठे, यावर आमचा सर्वात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. फोटोत आल्फामा सुंदर दिसतं. भूकंपातून बऱ्यापैकी वाचलेली ती जुनी वस्ती, अरुंद गल्ल्या आणि पायऱ्या. पण वन्संचे गुडघे सत्तरीकडे निघालेत. लिस्बन टेकड्यांवर वसलेलं, आणि पदपथ लहान लहान गुळगुळीत दगडांचे. बॅगा ओढत तिथे चढणं त्यांना जमणार नाही. म्हणून साल्दान्या या भागात खोली घेतली. जमीन सपाट. मेट्रोची लाल आणि पिवळी लाइन तिथे एकमेकींना मिळतात, आणि लाल लाइन थेट विमानतळावरून येते. मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी बदलावं लागतं. एवढा प्रवास करून उतरल्यावर एकाच गाडीत बसून घरापाशी उतरता आलं पाहिजे, बाकी सोयी नंतर. घर निवडताना मी हीच कसोटी लावते: विमानतळावरून खोलीपर्यंतची वाट मला डोळे मिटून सांगता आली पाहिजे.

दिवसांची आखणी आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला केली. सकाळी एक ठिकाण, दुपार मोकळी, संध्याकाळी नदीकाठ. एका दिवशी एकच भाग. कोणतं ठिकाण कधी बंद असतं, हे आधी लिहिलं. बेलेंमधला जेरोनिमोसचा मठ सोमवारी बंद, कार्मोच्या मठातलं म्युझियम रविवारी बंद. बेलेंचा मनोरा २०२५मध्ये दुरुस्तीसाठी बंद होता, अशा गोष्टी निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघायच्या. जेरोनिमोसला वास्को द गामाची कबर आहे. तिच्यापुढे उभं राहून मला काय वाटेल हे आत्ता सांगता येत नाही. आपल्या किनाऱ्याला त्याच्यामुळे काय काय सोसावं लागलं ते वाचलंय, म्हणून तिथे घाई करायची नाही एवढं ठरवलं आहे. त्या दिवशी दुसरं काही ठेवलेलं नाही. जवळच १८३७पासून चाललेलं पेस्ट्रीचं दुकान आहे, तिथे बसू.

वन्संचा आवडता दिवस मात्र वेगळा आहे. आल्कांतारा भागात गोदीजवळ 'म्युझेउ दु ओरिएंत' म्हणून पूर्वेकडच्या वस्तूंचं म्युझियम आहे, २००८मध्ये उघडलेलं. ते ज्या इमारतीत आहे ती पूर्वी खारवलेल्या कॉड माशाचं गोदाम होती. हे ऐकून वन्सं खूश झाल्या. सुक्या मासळीवर यांचंही गाव चालायचं तर! कॉड त्यांच्या समुद्रात मिळतच नाही. न्यूफाउंडलंड आणि नॉर्वेकडून यायचा, मिठात घालून वाळवलेला, आणि आजही त्यांच्या सणाच्या जेवणात तोच असतो. ताजी मासळी म्हणाल तर त्यांचा जीव तारलीवर आहे. नुसतं मीठ लावून निखाऱ्यावर भाजतात. तिरफळाशिवाय तारली ही कल्पना मला जड जाते, पण खाऊन बघणार. वन्संचा सोमवार असतो. त्या दिवसासाठी मार्तिं मोनिझ चौकाजवळची भारतीय आणि बांगलादेशी दुकानं नकाशावर खुणा करून ठेवली आहेत. तिथे डाळ-तांदूळ मिळतो, आणि आमच्या खोलीत शेगडी आहे. भाज्यांच्या हिरव्या सुपात सॉसेजचे तुकडे घालतात, ते विचारून घ्यायचं.

काय गाळलं तेही सांगते, कारण आखणीतलं कठीण काम ते. सिंत्रा गाळलं. राजवाडे सुंदर असतील, पण दिवस रांगेत आणि चढात जाईल. २८ नंबरची ट्राम सगळे सांगतात, तिच्यात खिसेकापूही असतात. मिळाली सकाळी लवकर रिकामी तर बसू. टेकडीवर चढवणाऱ्या केबलच्या गाड्यांवर तर आम्ही काहीच अवलंबून ठेवलेलं नाही. ३ सप्टेंबर २०२५ला ग्लोरियाच्या गाडीचा केबल तुटून १६ माणसं गेली, तेव्हापासून मन तिकडे जात नाही.

पैशांबद्दल थोडं, कारण इथे माझी नोकरी कामाला आली. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं घ्या, ती वेगवेगळ्या बॅगेत ठेवा. परदेशातला वापर ॲपमधून आधी चालू करा, मर्यादा तुम्हीच ठरवा. दुकानातलं किंवा एटीएमचं मशीन विचारेल, रुपयांत की युरोत? प्रत्येक वेळी युरोच निवडा. रुपयांचा दर ते मशीनवाले ठरवतात आणि तो आपल्या सोयीचा नसतो. मेट्रो, ट्राम आणि फेरीबोटीला एकच कार्ड चालतं, नावेगान्त. त्यात पैसे भरून ठेवायचे, आणि प्रत्येक माणसाचं कार्ड वेगळं हवं. आपल्या चार्जरच्या दोन पिना तिथे बसतात, तीन पिनांचा प्लग बसत नाही. मदतीचा नंबर ११२. घड्याळ आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे आमची सकाळ होईल तेव्हा भाऊ जेवायला बसायच्या बेतात असेल. फोन तेव्हाच करायचा. एरवी काळजी करायची नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. सगळ्या कागदांच्या प्रती त्याच्याकडे आहेत.

पहिल्या सकाळी कुठलंच तिकीट काढलेलं नाही. काइश दू सोद्रेहून फेरीने तेजू नदीपलीकडे कासिल्यासला जायचं, दहाएक मिनिटांचं अंतर. तिथे चहा घ्यायचा आणि परतीच्या फेरीत शहराकडे तोंड करून उभं राहायचं. किल्ल्याची टेकडी कोणती, कार्मो कुठे, भूकंपानंतर मार्किश द पोंबालने सरळ रस्ते आखून पुन्हा उभारलेला बायशाचा भाग कुठे, हे पाण्यावरून एकदा जुळवून घेतलं की पुढचे दिवस चुकायला होणार नाही. वन्सं या कामात माझ्याहून पटाईत आहेत. खाडीतून येताना नुसत्या माडांवरून कोणाची वाडी आली ते सांगतात. लिस्बनचा नकाशा त्यांनी शाळेच्या वहीत हाताने काढला आहे, मी त्यावर मेट्रोच्या चार लाइनी चार रंगांत ओढल्या आहेत, आणि कार्मोपाशी त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'इथे दोनदा' असं लिहून ठेवलं आहे.