आधी पत्ता, मग नोकरी

बुधवार, रात्री

इंटरव्ह्यू चांगला झाला, हे आधी लिहून ठेवते. नंतर जे झालं त्यात ते बुडून जायला नको.

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतली कंपनी, लॅबमध्ये केमिस्टची जागा. सरांनी विचारलं, परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये (थेंब-थेंब घालून द्रावणाचं प्रमाण मोजतात ते) इंडिकेटर, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारं रसायन, का टाकत नाहीत? त्याचा स्वतःचा रंगच ते काम करतो, फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. ऑक्झॅलिक ॲसिड आधी 60-70 अंशांपर्यंत का तापवतात? थंड असताना अभिक्रिया फार हळू होते. कुठेही अडखळले नाही. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) हाताळलंय का, असं विचारल्यावर खरं ते सांगितलं. आमच्या कॉलेजात ते मशीन नव्हतं, पण ते कोणत्या तत्त्वावर चालतं ते सांगू शकते. आणि सांगितलं. सर म्हणाले, "मशीन काय, आम्ही शिकवू." मला वाटलं, झालं आपलं.

मग त्यांनी विचारलं, "राहता कुठे?"

यवतमाळ जिल्ह्यातला कळंब तालुका म्हटल्यावर त्यांनी बायोडाटा बाजूला सरकवला. बोलले मात्र नीट. पहिली शिफ्ट सकाळी सातची, कंपनीची बस नागपुरातल्या ठरलेल्या स्टॉपवरून निघते. "नागपूरचा पत्ता झाला की फोन करा. जागा तोवर राहीलच असं नाही सांगत."

वर्ध्याची पोरं बुटीबोरीला अप-डाऊन करतात. आमच्या गावाहून ते जमण्यासारखं नाही. 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली, त्याचा गावात केवढा आनंद झाला होता. पण सातच्या शिफ्टला पोचायचं तर घरून मध्यरात्रीच निघावं लागेल.

तशीच पुढे नागपूरला गेले, खोली बघायला. मानेवाड्याकडे मुलींना ठेवणाऱ्या एक काकू आहेत. घर स्वच्छ, काकूही मायाळू. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "जॉब लेटर घेऊन ये बेटा, मग लगेच ये राहायला." भाडं थकलं तर कोणाला विचारायचं, ही त्यांची काळजी मला कळते. सातची बस चुकली तर लॅबमध्ये कोण उभं राहणार, ही सरांची काळजीही कळते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत मी उभी आहे.

गुरुवार

कापसाची वेचणी चालू आहे. दिवसभर वावरात होते, म्हणून डोक्यात हेच घोळत राहिलं.

नोकरदार महिलांच्या सरकारी वसतिगृहाची माहिती मोबाईलवर काढली. आता त्याला सखी निवास म्हणतात. नियम वाचून खूप बरं वाटलं. भाडं पगारावर ठरतं: एकटीची खोली असेल तर पगाराच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, दोघींच्या खोलीत 10, मोठ्या हॉलमध्ये साडेसात टक्के. कोणीतरी विचार करून लिहिलंय हे. पण माझा पगारच अजून शून्य आहे. नोकरीसाठी ट्रेनिंग घेणाऱ्या मुलींना थोड्या जागा आहेत; नोकरी शोधणाऱ्या मुलीला नाही. महिनाभर तरी असा पलंग मिळायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. गावाकडच्या मुलीचा सगळ्यात अवघड महिना पगाराच्या आधीचा असतो.

एक गोष्ट मात्र सरकारने केली आणि ती माझ्यापर्यंत पोचली. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. ते नसतं तर नागपूरच्या इतक्या खेपा बाबांकडे मागायची माझी हिंमत झाली नसती.

काकाजी म्हणाले, "पुण्याले काऊन नाही जात? तिथं कंपन्याच कंपन्या हायेत." आहेत, चाकण आहे, रांजणगाव आहे. पण तिथेही हाच प्रश्न विचारणार, आणि तिथून रात्रीतून घरी परतता येणार नाही.

आईची काळजी वेगळी. "रातच्याले येशीन कशी? एकटी राह्यशीन कशी?" तिला म्हटलं, एकटी नाही राहणार. कशी, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

शनिवार

बाभूळगावची माझी कॉलेजची मैत्रीण नर्सिंग करून नागपूरच्या एका दवाखान्यात लागली आहे. सध्या मावशीच्या दोन खोल्यांत सहावी माणूस म्हणून राहते. काल तिला फोन केला. तिच्याकडे नेमणुकीचं पत्र आहे, खोली नाही. देवळीची एक जण स्पर्धा परीक्षेचा क्लास लावतेय, तिलाही खोली हवी. तिघी मिळून घेतली तर? काकूंना लगेच विचारलं. त्या म्हणाल्या, एकीचं पत्र असलं तरी चालेल, पण करार तिघींच्या नावाने, 11 महिन्यांचा, रजिस्टर केलेला. मला तेच हवं होतं. रजिस्टर करारावर माझं नाव असलं की तो माझा पत्ता झाला.

युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ग्रामपंचायतीत काम केलं, तेव्हा पदवीधर म्हणून महिन्याला 10,000 मिळायचे. त्यातले थोडे बाजूला ठेवले होते. तरी डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून माझा वाटा जवळपास एका क्विंटल कापसाएवढा होतो. यंदा (2025-26) लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 आहे, पण तो हातात पडेपर्यंत ओलाव्याची तपासणी, नंबर, सगळं आलं. बाबांना हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "पह्यला येचा इकतो मी. तू जाय. खोली पक्की कर पह्यले."

नोकरी लागण्याआधी खोलीत पैसे घालणं गावात कोणालाच पटत नाहीये. चुलत आजी तर म्हणाली, नोकरीचा पत्ता नाही अन् भाडं भरून राह्यली. मला पटतंय. नागपूरला राहिले तर सकाळी आलेल्या फोनवर दुपारी इंटरव्ह्यूला हजर होता येतं. गावातून तो दिवस हातचा जातो.

सोमवारी मी आणि देवळीची जाणार, मैत्रीण ड्यूटी संपवून तिथेच येणार. आधार, फोटो, तिच्या पत्राची झेरॉक्स, सगळं एका पिशवीत भरलंय. सह्या झाल्या की त्याच दिवशी सरांना फोन करायचा. जागा भरली असली तर बुटीबोरी आणि हिंगण्याच्या बाकीच्या कंपन्यांची नावं काढून ठेवली आहेत, मंगळवारपासून नव्या पत्त्याचा बायोडाटा घेऊन एकेका गेटवर जाईन.