गोराई-मनोरीला मुलाबाळांसह: आधी तिथी, मग तारीख

गोराई आणि मनोरी या चौपाट्या बेटावर आहेत, हे बऱ्याच मुंबईकरांच्या लक्षातच नसतं. मनोरीच्या खाडीपलीकडचा हा पट्टा, म्हणजे मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी, चौक ही गावं मिळून जुनं धारावी बेट होतं. (शीव-माहीमजवळच्या धारावीचा इथे संबंध नाही. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला धारावीचा किल्ला तो हा, चौकजवळचा.) तिथे पोचायचं तर मार्वेहून किंवा बोरिवलीच्या गोराई जेटीवरून होडी, नाहीतर भाईंदर-उत्तनचा लांबचा वळसा. होडी आली की भरती-ओहोटी आली, आणि घरची मंडळी नेमकं तेच न बघता निघतात. सुट्टी कधी, गाडी कोणाची, डबा कोण करणार, यावर आठवडाभर चर्चा होते. पाणी किती वाजता कुठे असेल हे कोणी विचारत नाही. मग दुपारी जेवायला बसल्यावर सतरंजीखाली लाट येते, किंवा परतताना जेटीपाशी गुडघाभर चिखल दिसतो.

कोळीवाड्यातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दोन्ही पक्षांना तोच नियम, पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरावी धरायची. दिवसातून दोन भरत्या, म्हणून दुपारी तीनला भरती तर पहाटेही तीनच्या आसपास, आणि ओहोटी मधोमध, सकाळी नवाच्या पुढे. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं, बहुतेक वेळा पुढेच. त्यामुळे हा हिशेब दिवस निवडण्यापुरता. निघण्याच्या आदल्या रात्री मोबाइलवर मुंबईचं, म्हणजे अपोलो बंदरचं, भरतीचं कोष्टक बघून नेमकी वेळ लिहून घ्या.

लहान मुलं असतील तर चतुर्थी ते षष्ठी हे दिवस सर्वांत सोयीचे. पंचमीचं उदाहरण घ्या. ओहोटी साडेनऊ-दहाला, भरती पावणेचार-साडेचारला. नवाच्या सुमाराला पोचलात तर किनारा सर्वांत रुंद असतो, ओली घट्ट वाळू धावायला मिळते आणि खळग्यांत साचलेलं घोटाभर पाणी दीड-दोन वर्षांच्या पोरांना पुरतं. साडेदहानंतर पाणी चढू लागतं, म्हणजे मोठ्या मुलांच्या डुंबण्याच्या वेळी ओढ समुद्राकडे नसून किनाऱ्याकडे असते. साडेतीनला निघता तेव्हा जेटीला पाणी भरपूर असतं, होडी पायरीला नीट लागते. पौर्णिमा-अमावस्येचं उधाणही ओसरत आलेलं असतं.

उलट दशमी-एकादशीला सकाळी आठच्या आसपास भरती होऊन जाते. नऊपासून दोनपर्यंत, ऐन खेळायच्या वेळात, पाणी सतत मागे सरकत असतं आणि मुलं त्याच्या मागे मागे जात राहतात. परतीच्या वेळेला खाडी आटलेली, जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराच्या पुढेमागे, म्हणजे जेवणाच्या वेळेला किनारा निम्मा गायब. बघायला समुद्र सुंदर, पण आजी-आजोबा आणि तीन पिशव्या घेऊन मागे मागे सरकत जेवायचं. अष्टमी-नवमीला भांग असते, पाणी फारसं चढत-उतरत नाही, पण भर दुपारी लांब गेलेलं असतं. वाळूत किल्ले करणाऱ्यांना ते चालतं.

पंधरा तिथींतल्या तीनच सोयीच्या, म्हणजे सरासरी पाच रविवारांत एखादाच जमतो. शनिवार धरला तर थोडं बरं. कृष्ण चतुर्थी निवडलीत तर संकष्टीवाल्यांचा डबा वेगळा लागेल, तेवढं घरात आधी विचारा.

पाणी किती वेगाने येतं याचा अंदाज शहरात राहणाऱ्याला नसतो. भरती सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा भागांत धरला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाच्या दिवशी मुंबईत चढ-उतार चार मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मधल्या दोन तासांत दर तासाला मीटरभर. सपाट किनाऱ्यावर, पन्नास पावलं चाललं की एक पाऊल उतार असं धरलं, तर पाणी तासाला पन्नास मीटर आत येतं. पंचमीला हा आकडा कमी असतो, तरी ओहोटीच्या काठाशी चटई टाकणं म्हणजे तासाभरात ती उचलणं. आधीच्या भरतीची खूण वाळूवर दिसते: सुकलेलं शेवाळ, थर्माकोलचे तुकडे, शिंपल्यांची ओळ. बसायचं त्या ओळीच्या वर.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये जायचं तर साडेसातला किनाऱ्यावर आणि साडेअकराला सावलीत. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नाही, घोट्यापर्यंतसुद्धा. पावसाळ्यातली लाट दर वेळी वेगळ्या ठिकाणी फुटते. जुलै २०२३ मध्ये मार्वेला पाच मुलं ओढली गेली, त्यांतली तीन वाचली नाहीत. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून असतो, समुद्र सपाट. दुपारी खारं वारं सुटतं, पाणी खवळतं आणि वाळू डब्यात उडते. जेवण साडेबाराला उरकायचं ते याच कारणासाठी.

गोराई की मनोरी? मुलं पाण्यात जाणार असतील तर गोराई. महापालिकेचे जीवरक्षक ज्या सहा चौपाट्यांवर असतात (गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई) त्यांत ती आहे, मनोरी नाही. मनोरी शांत, पण तिथे पाण्यावर नजर तुमचीच. कुठेही गेलात तरी खाडीच्या तोंडापाशी आणि जेटीच्या आसपास पोहायचं नाही. ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी त्या अरुंद जागेतून बाहेर पडतं आणि वरून संथ दिसणारं पाणी खाली जोरात ओढतं.

जायची वाट. मालाड स्टेशनच्या पश्चिमेकडून बेस्ट किंवा रिक्षाने मार्वे, तिथून होडीने दहा-पंधरा मिनिटांत मनोरी, पुढे रिक्षा. दुचाकीही होडीत चढते. बोरिवलीकडून येणार असाल तर रिक्षावाल्याला नुसतं ‘गोराई’ सांगू नका, तो गोराई वसाहतीत नेऊन सोडेल. ‘गोराई जेटी’ म्हणा. पलीकडे उतरल्यावर किनारा लांब आहे, पुन्हा रिक्षा लागते. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या ठेवा. उतरल्या उतरल्या, होडीवाल्यालाच परतीची शेवटची फेरी किती वाजता ते विचारा, कारण रविवारी संध्याकाळी सगळे एकदमच निघतात. होडी चुकली तर उत्तनवरून भाईंदर पश्चिम स्टेशन गाठता येतं. मात्र संध्याकाळच्या गर्दीत त्याला तासाहून जास्त धरा. बाबागाडी घरीच ठेवा: होडीत अडचण, वाळूत रुतते. लहानग्याला कडेवर किंवा झोळीत.

वाटेत सोनेरी पॅगोडा दिसतो आणि कोणीतरी ‘जाताजाता तोही करू’ म्हणतं. २००९ मध्ये खुली झालेली ती वास्तू बघण्यासारखीच आहे, आत एकही खांब नसलेल्या घुमटाखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. पण ओल्या, वाळूने भरलेल्या, भुकेल्या मुलांना घेऊन शांततेच्या जागी जाणं कोणाच्याच हिताचं नाही. तो दिवस वेगळा काढा.

पाणी: पिण्यासाठी माणशी दीड लिटर, शिवाय पाय आणि जखमा धुवायला पाच लिटरचा एक कॅन. सहा माणसांत चौदा किलो ओझं होतं, म्हणून ते दोघातिघांत वाटा. निम्म्या बाटल्या आदल्या रात्री पाऊण भरून गोठवा, त्याच डब्याच्या पिशवीत थंडाव्याचं काम करतात. पूर्ण भरल्या तर बर्फ फुगून बाटली तडकते. कोकमाचं सरबत नेताना पाकातलं कोकम वेगळ्या बाटलीत न्या आणि एकास चार-पाच पाणी तिथे घाला, वर चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. आगळ नेलंत तर त्यात साखर नसते आणि मीठ आधीच असतं. सोलकढी नको, नारळाचं दूध उन्हात तासा-दोन तासांत आंबतं.

डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. थालीपीठ चालतं, पण कांदा न घालता; कांद्याचं लवकर वास मारतं. पुलाव, दहीभात, बटाट्याची ओली भाजी हे सकाळी सहाला केलेलं दुपारी एकला खायचं नाही. काकडी आणि कलिंगड अख्खंच न्या, तिथे कापा. हाताला वाळू असताना पुरी तोडावी लागू नये म्हणून पुऱ्या दोन घासांच्याच लाटा. डबे उघडण्याआधी हात पाण्याने धुऊन चालत नाही, वाळू चिकटूनच राहते. आधी हातावर थोडा कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर चोळा, वाळू झडून जाते. संध्याकाळी मुलांचे पाय कोरडे करायलाही हेच.

सतरंजीत वाळू अडकते, प्लास्टिकची चटई झटकली की साफ. तिचे चार कोपरे वाळू भरलेल्या पिशव्यांनी दाबा. चपला ठेवून दाबली तर भरतीच्या वेळी चपलाही जातात. सावलीला सुरूची झाडं धरा. माडाखाली बसू नका, नारळ आवाज देऊन पडत नाही.

कपड्यांत सुती नको, भिजल्यावर जड होतं आणि मांड्या घासून सोलतात. पोरांच्या जांघेत आणि काखेत निघण्याआधी खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा. ओढणी, साडी, जीन्स घालून कमरेपर्यंत पाण्यात जाणं धोक्याचं, लाटेत कापड पायात गुंडाळतं. सनस्क्रीन अर्धा तास आधी, पाण्यातून आल्यावर पुन्हा. कानाच्या पाळ्या आणि पावलांच्या वरची बाजू सगळे विसरतात.

पाण्यावर नजर ठेवणारा मोठा माणूस एक, आळीपाळीने अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात त्याच्या हातात मोबाइल नाही. चौघं मोठी माणसं बसलेली असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. मुलांना मर्यादा मीटरमध्ये सांगून उपयोग नाही, ‘गुडघ्याच्या वर पाणी आलं की परत’ असं सांगा. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला जायचं, ओढ अरुंद असते. मदतीला ११२, महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६.

उथळ पाण्यात पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, वाळूत अंग पुरून बसतो. पाय उचलून टाकलात तर त्याच्यावर पडतो, घासत चाललात तर तो आधीच पळतो. मुलांना हा खेळ म्हणून शिकवा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. चहाच्या टपरीवर गरम पाणी मिळतं. निळ्या फुग्यासारखा जेलीफिश मुख्यतः पावसाळ्यात वाहून येतो, वाळूवर मेलेला दिसला तरी डंख मारतो. लागला तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा, मग गरम पाणी. खडकांकडे गेलात तर चपला घालूनच: खडकाला चिकटलेली कालवं पात्यासारखी कापतात, आणि ती जखम लगेच गोड्या पाण्याने धुतली नाही तर चिघळते. पायाला डांबराचे काळे गोळे चिकटले तर घासू नका, खोबरेल लावून पुसा.

कचऱ्याला एक मोठी पिशवी आणि एक घट्ट झाकणाचा डबा. ओले डायपर वाळूत पुरलेले भरती वर काढते, दुसऱ्या दिवशी ते कोळणींच्या जाळ्यांपाशी असतात.

बांबूच्या वलांडींवर वाळणारे बोंबील दिसले की सुके बोंबील घ्यायचा मोह होतो. घ्या, पण निघताना, आणि हाताने मोडून बघा: चांगला वाळलेला कडक मोडतो, ओलसर असेल तर वाकतो आणि घरी बुरशी धरतो. वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, मग झाकणाच्या डब्यात. नाहीतर बोरिवलीपासून दादरपर्यंत लोकलच्या अख्ख्या डब्याला कळतं तुम्ही कुठून आलात.