एसआर0 का एसआर1, अन वकीलसाहेब डोक्यावर

लातूरला कोर्टाजवळ आपलं झेरॉक्स अन कम्प्युटरचं दुकान, निम्मं गिऱ्हाईक काळ्या कोटातलंच. त्या दिवशी सकाळी दहाला शटर वर केलं की एक वकीलसाहेब हजर, हातात सीसीटीव्ही फुटेजची डीव्हीडी, म्हणले दोन कॉप्या पाहिजेत, अकराला पुकारा होईल. म्हणलं बसा साहेब, अर्ध्या तासाचं काम.

मशीन जुनं, विंडोज नाही, लिनक्सवालं. आतला ड्राईव्ह नुसता वाचायचा, लिहायला यूएसबीचा बारका रायटर. अन आदल्या रात्री अपडेट केल्यापासून डेस्कटॉपच येईना, काळी स्क्रीन अन कर्सर. मग काय, कमांडच. मूळ डीव्हीडी आतल्या ड्राईव्हमधी घातली, सवयीनं ड्राईव्हचं नाव म्हणून देव-सीडीरॉम टाकून डीडी कमांडनं इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाईल, काढली, 3 जीबी भरली. लिनक्स ड्राईव्हांना एसआर0, एसआर1 अशी नावं देतंय. कोरी डिस्क रायटरमधी टाकून ग्रोआयसोएफएसला, म्हणजे डीव्हीडी लिहायच्या कमांडला, सांगितलं, एसआर0 वर लिही. लगेच नकार, म्हणे ही रेकॉर्ड होणारी डिस्क नाही. डिस्क बदलली, परत तेच. तिसरी फोडली तवा साहेब उठून उभे, "काय करायलाव ओ नेमकं?"

लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधली सीडीरॉमची इन्फो फाईल उघडली, त्यात कोणता ड्राईव्ह काय करू शकतो ते 1 अन 0 मधी लिहिलेलं असतंय. डीव्हीडी-आर (कोरी डिस्क) लिहिण्यापुढं होतं 1, मग 0, म्हणजे एकाला जमतंय, दुसऱ्याला नाही. पहिलं 1 म्हणजे एसआर0 च की! परत तीच कमांड, परत तोच नकार. घाम फुटला. मग कुठं वरच्या ओळीकडं लक्ष गेलं, तिथं नावं उलटी, आधी एसआर1 मग एसआर0, नंतर जोडलेला ड्राईव्ह तिथं आधी येतो. खात्रीसाठी ट्रे उघडायची कमांड, इजेक्ट एसआर1, मारली, रायटरचा ट्रे टक्कन बाहेर.

अन मग डोक्यात लख्ख झालं, देव-सीडीरॉम ही नुसती शॉर्टकट, ती एसआर0 कडंच जाती, म्हणजे चार वेळा मी साहेबांच्या मूळ पुराव्यावरच लिहायला निघालो होतो! ड्राईव्ह वाचायचाच होता म्हणून निभावलं. साहेबांना यातलं काहीच सांगितलं नाही, आजपर्यंत.

मग एसआर1 वर लिहिलं, 4एक्स स्पीडनं एकेक कॉपी दहा मिनिटात निघाली. आतल्या फाईलची हॅश, म्हणजे फाईलवरून निघणारा ओळखीचा लांब कोड, मूळाशी जुळवली, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या सर्टिफिकेटमधी हॅश लिहावी लागती, तीपण कागदावर दिली. साहेब अकराला पाच कमी असताना पळाले.

संध्याकाळी रायटरवर स्केचपेननं एसआर1 लिहून चिकटवलं. दुसऱ्या दिवशी यूएसबी लावूनच मशीन चालू केलं, तर रायटर झाला एसआर0. चिठ्ठी फाडली. आता देव-डिस्क-बाय-आयडी फोल्डरमधलं ड्राईव्हचं लांबलचक नाव टाकतो, त्यात कंपनी अन मॉडेल असतंय म्हणून ते बदलत नाही, टाईप करायला कटकट लई.